दोनशे रुपयांचा पर्जन्यमापक: बातम्या बघण्यापेक्षा हा बघा (४ स्टार)

सरळ मुद्द्यावर येते. ऑनलाइन मागवलेला प्लास्टिकचा पर्जन्यमापक आहे, दोनशेच्या आत मिळाला. कंपनीचं नाव देत नाही कारण एकच मॉडेल दहा नावांनी विकतात, खोक्यावरचं नाव तर मी अजून धड वाचलेलं पण नाही. पारदर्शक आहे, वर रुंद आणि खाली निमुळता, बाजूला मिलिमीटरचे आकडे, मागं दोन भोकं खांबाला स्क्रूनं ठोकायला. बस. बॅटरी नाही, ॲप नाही, ब्लूटूथ नाही. डिजिटलवाले पण मिळतात, घरात स्क्रीन आणि बाहेर सेन्सर, पण आमच्याकडं पाऊस आला की पहिली लाइट जाते त्यामुळं ते माझ्या कामाचे नाहीत.

घ्यायचं कारण सांगते म्हणजे कळेल. आम्ही बीड जिल्ह्यातले, तीन एकर कोरडवाहू, एक विहीर जी मार्चमधे तळ दाखवते. आणि घरात मामा, म्हणजे माझे सासरे, आणि त्यांचा टीव्ही. मे उजाडला की सुरू, मान्सून अंदमानात अडकला, एल निनो आला, पावसानं दडी मारली, अमुक धरणात इतकेच टक्के, आणि हे सगळं सांगताना मागं ते धडधड म्युझिक, आणि खालून सरकणाऱ्या पट्टीवर कुठल्यातरी शेतकऱ्याचं वाईट झालेलं, बऱ्याचदा आपल्याच जिल्ह्यातला, कधीकधी तर पाहुण्यांच्या गावचा. मामा ताटावरून उठायचे. २०२३ चा ऑगस्ट आठवतोय ना, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट म्हणून नोंद झाली त्याची, तेव्हा तर ते दिवसदिवस बोलायचे नाहीत. टीव्ही बंद करा म्हणलं तर म्हणायचे, "बंद करून काय पाऊस पडणारे का?" आता यावर काय बोलणार. पण बघून तरी काय, बातमी ऐकून माणसाला करण्यासारखं हातात काहीच येत नाही, नुसती छातीत धडधड.

तर दुसऱ्या वर्षी मे संपता संपता मी हा मागवला. आमचे हे हसले, म्हणाले दोनशे रुपयाचं खेळणं. मामा म्हणाले मृग नक्षत्र लागलं की पंचांगात त्याचं वाहन, म्हणजे नक्षत्राला दिलेला प्राणी, बघायचं, बेडूक असलं तर पाणी, मेंढा असलं तर नाही, आणि पेरायचं असलं तर ओल वीतभर खाली गेली का ते उकरून बघायचं, त्याला हे नळकांडं कशाला. वीतभर ओलीचं माप काही खोटं नाही हं, अजून पण आम्ही उकरून बघतोच.

बसवायचं कसं ते कोणी नीट सांगत नाही म्हणून इथं लिहिते. झाडाखाली नको, पत्र्याच्या वळचणीला तर अजिबात नको. घर किंवा झाड जेवढं उंच त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडून मोकळ्यावर लावा. आणि सकाळी साडेआठला वाचा. साडेआठच का, तर हवामान खातं चोवीस तासाचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा धरतं, त्यामुळं तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवून बघता येतो. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणा, वरून डोकावून वाचलं की आकडा चुकतो. वाचून झालं की ओतून टाका. आमच्याकडं ओतायचं काम आधी माझं होतं, आता मामा कुणाला हात लावू देत नाहीत.

आता खरी गंमत. पाऊस किती झाला म्हणलं की आपल्याकडं उत्तरं कशी, "बरा झाला", "दणकून झाला", "नुसता शिडकावा". आणि बातमीत सगळ्या मराठवाड्याचा मिळून एक आकडा. आपल्या बांधावर काय पडलं ते कुणालाच माहीत नाही. पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री ४२ मिलिमीटर भरला. माझी मुलगी सातवीला, तिला म्हणलं कर हिशोब. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एका एकराला साधारण ४ हजार लिटर. मग ४२ गुणिले ४ हजार गुणिले तीन एकर. वहीत मांडून तिनं सांगितलं, पाच लाख लिटरच्या वर.

मामांना वाटलं पोरगी चुकली, परत करायला लावलं. परत तेच.

पाच लाख लिटर म्हणजे किती ते आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६ ला लातूरला पाण्याची रेल्वे आली होती ना मिरजेहून, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर बातमी झाली, फोटो छापले, लोक स्टेशनवर बघायला गेलेले. नंतर ५० वाघिणींची गाडी पण आली, पण ती पहिली खेप सगळ्यांच्या डोक्यात बसलेली आहे. आणि तेवढंच पाणी एका रात्रीत आमच्या तीन एकरावर पडलं आणि सकाळी ओढ्याला लागून निघूनसुद्धा गेलं, ना बातमी ना काही. मामा बराच वेळ बांधावर उभे होते. मग म्हणाले, "रेल्वे भरून गेली की गं." त्या दिवशी टीव्ही लागला, नाही असं नाही, पण आवाज बारीक होता.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोन कामं केली. उताराला आडवे चर काढले आणि खालच्या बांधाला दगड लावून सांडवा केला, पाणी थांबून थांबून जावं म्हणून. आणि घराच्या पत्र्याला पन्हळ लावून पाइप खड्ड्यात सोडला, खड्ड्यात खाली दगड मग खडी मग वाळू, आणि तिथून बोअरजवळ. हजार चौरस फुटाचा पत्रा आहे, चाळीस मिलिमीटर झाला तर हिशोबानं तीन हजार लिटरच्या वर हाताला लागतं, वाया जाणारं धरूनसुद्धा. विहीर काही बारमाही झाली नाही, उगाच मोठं बोलत नाही, पण यंदा मार्च काढला आणि एप्रिलमधे जनावरांपुरतं पाणी होतं.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे, पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले, २०२० ला पद्मश्री मिळाली. सहली जातात तिथं, लोक झाडं बघतात, फोटो काढतात, येताना ढाब्यावर जेवतात. पण त्यांचं जे खरं काम आहे ते दिसायला एकदम रुक्ष आहे, पडलेला पाऊस मोजायचा, पिण्याला किती, जनावराला किती, शेतीला उरलं किती याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मग पिकं ठरवायची. पाऊस कमी तर जास्त पाणी पिणारं पीक घ्यायचंच नाही. आणि तो काही कोकणातला पाऊस नाही हो, चारशे मिलिमीटरच्या आसपासचा प्रदेश आहे. आमच्याकडं त्याच्यापेक्षा जास्त पडतो. हे कळल्यावर मला आधी आनंद झाला आणि मग राग आला, दोन्ही.

प्रॉडक्टची खरी परीक्षा २०२५ ला झाली. त्या वर्षी मान्सून २४ मे लाच केरळात आला, आपल्याकडं पण मे मधेच धो धो. सगळीकडं एकच, लवकर आला, पेरा पेरा. कृषी खातं सांगत होतं घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरणी नको, पण शेजारचा ट्रॅक्टर चालू झालेला दिसला की घरात बसवत नाही माणसाला. आमच्या वहीत जून लागल्यापासूनचा आकडा पन्नासच्या पण खाली होता आणि वर उकरून बघितलं तर मे ची ओल वाळून चाललेली. आमचे हे बियाणं काढून बसलेले. मामांनी वही पुढं टाकली, "पंचाहत्तर होऊ दे." दोघांचं जोरात वाजलं त्या दिवशी. थांबलो. पावसानं पुढं ताण दिला आणि आमच्या शिवारात तीन-चार जणांवर दुबार पेरणीची वेळ आली, एकाचं मात्र लवकर पेरून पण छान उतरलं, त्याच्या विहिरीला पाणी होतं. म्हणजे नळकांडं काही भविष्य सांगत नाही. पण बियाण्याचा खर्च एकदाच झाला आमचा.

आणि मग तो सप्टेंबर. सगळ्या मराठवाड्यानं काय भोगलं ते माहीतच आहे, नद्या शेतात, माणसं पत्र्यावर, जनावरं वाहून गेलेली. ह्या पर्जन्यमापकाची कपॅसिटी १०० ची, ही एक मोठी कमी आहे. त्यातल्या एका रात्री दोन वाजता मामा बॅटरी घेऊन, डोक्यावर पोतं, बाहेर गेले, ९० पर्यंत भरलेला, ओतून आत येऊन भिंतीवर खडूनं लिहिलं ९०. सकाळी परत ३७. एकूण १२७. हवामान खात्याच्या हिशोबात ११५.६ च्या पुढं अतिमुसळधार धरतात. खालच्या वावरातलं सोयाबीन गेलं, शेंगा काळ्या पडल्या, काहींना झाडावरच कोंब. मोजल्यानं एक शेंग वाचली नाही. हे लिहिणं भाग आहे कारण चार स्टार बघून कुणाला वाटेल की जादूच आहे.

आणि हे पण लक्षात ठेवा, अतिवृष्टीच्या मदतीला महसूल मंडळात, म्हणजे आसपासच्या काही गावांचा मिळून जो एक सरकारी गट असतो त्यात, चोवीस तासात ६५ मिलिमीटर हा निकष असतो आणि त्यासाठी मंडळातल्या सरकारी यंत्राचाच आकडा धरतात. तुमच्या खांबावरच्या आकड्याला सरकारदरबारी किंमत शून्य. आमच्या गावातच ओढ्याच्या अलीकडं पलीकडं वीस-पंचवीस मिलिमीटरचा फरक पडतो, मग अख्ख्या मंडळाला एक यंत्र म्हणजे कुणाचं तरी नशीब आणि कुणाचं तरी कमनशीब.

तरी पण. पाणी ओसरल्यावर मामा वावरात फिरून आले आणि मला वाटलं आता परत ते २०२३ सारखं गप्प होणार. तर वही मागितली. बेरीज केली, म्हणाले एवढं पाणी जिरलंय, वरच्या वावरात हरभरा होतोय आणि मधल्यात ज्वारी, पाणी द्यायची गरज पडायची नाही. सोयाबीन सडलेल्या वावराकडं पाठ करून माणूस हरभऱ्याचं बोलत होता. हरभरा झाला पण, भाव काही खास मिळाला नाही तो विषय वेगळा.

आता गावात असे नऊ लागलेत, एक शाळेत आहे, तिथं पोरं फळ्यावर रोजचा आकडा लिहितात. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आधी त्याच्यात निम्मे फॉरवर्ड "ब्रेकिंग, पुढचे ४८ तास धोक्याचे" असले, कुठल्या राज्याचे कुठल्या वर्षीचे देव जाणे. आता पावसाळ्यात सकाळी साडेआठला आकडे पडायला लागतात, मळा १८, वस्ती २२, ओढ्यापलीकडं ९. कुणी टाकला नाही तर दुसरा विचारतो काय रं, उठला नाहीस का अजून. मागच्या वर्षी कर्जानं टेकीला आलेले एक भाऊ आहेत, बोलायचेच नाहीत कुणाशी, ते पण रोज नुसता आकडा टाकतात, खाली एक शब्द नाही. पण टाकतात, आणि एक दिवस नाही टाकला तर दोघं जण घरी जाऊन आले, आकडा विचारायचं निमित्त करून.

एक स्टार कापला तो प्लास्टिकसाठी. दुसऱ्या उन्हाळ्यात कडेला तडा गेला, आकड्यांचा स्टिकर उन्हानं उडाला, मुलीनं परमनंट मार्करनं परत काढले. त्यामुळं दिवाळीनंतर काढून घरात ठेवा. चिमण्या काठावर बसून घाण करतात, आठवड्याला धुवा. आणि १५० किंवा २०० चा मिळत असेल तर पन्नास रुपये जास्त देऊन तोच घ्या, रात्री दोनला पोतं घेऊन पळावं लागणार नाही. रिटर्न पॉलिसी आहे पण आमच्याकडं कुरिअरवाला तालुक्याच्या पुढं येत नाही, त्यामुळं पार्सल घेतानाच तडा बघून घ्या आणि मागवायचा तर मे च्या पहिल्या आठवड्यातच मागवा.