पैठणी पाठवली आमची, परत आली ती दुसरीच

आमच्या घरात एक नऊवारी पैठणी होती. होती असंच लिहावं लागतंय आता. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंच्या लग्नातली, 1943 सालची, डाळिंबी अंग, हिरवा काठ, पदरावर अस्सावली म्हणजे फुलं-वेलींची नक्षी आणि खऱ्या चांदीची जरी. ती ऑनलाइन लिलावात विकायला गेले आणि साडीही गेली, पैसेही गेले. दोन महिने झाले, अजून रात्री मध्येच जाग येते. इथे मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण नाशिकमध्ये, येवल्याकडे, अशा कितीतरी घरांच्या पेट्यांमध्ये जुन्या पैठण्या, शालू पडलेत आणि आजकाल सगळ्यांना वाटतं फोटो काढला, टाकला की झालं.

विकायला का काढली तर सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्यांनीच पेटी उघडली आणि म्हणाल्या, अगं घडीवर जिरून चाललीय, कुणाच्या तरी अंगावर जाऊ दे. सराफ बाजारात एकाला दाखवली होती, त्याने सरळ काट्यावर ठेवली, जरी वितळवून जेवढी चांदी निघेल तेवढ्याचा भाव. साडेआठ हजार म्हणाला. मी घडी घातली आणि उठले. वितळवायला देऊच नका कुणी, हात जोडून सांगते, अशी साडी परत विणून होत नाही.

येवल्याला ओळखीच्या एका विणकराकडे घेऊन गेले होते. त्यांनी पदर हातावर घेतला, उलटा केला, परत सुलटा केला आणि म्हणाले बघा ताई, दोन्हीकडून सारखंच दिसतंय ना? हातमागाच्या पैठणीत पदरावर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, म्हणजे धागा गुंडाळलेली नळी, असते, जिथे रंग बदलतो तिथे धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतात, म्हणून मागे लोंबते धागे राहत नाहीत. मशीनवरच्या साडीला मागे धागे सुटलेले असतात नाहीतर कापलेले. हे तेव्हा नुसतं कौतुकाने ऐकलं होतं, पुढे किती उपयोगी पडणार आहे कल्पना नव्हती.

मग एका लिलावाच्या साइटवर अकाउंट काढलं. मैत्रीण म्हणाली शंभर वर्षं जुनी लिही, भाव येतो. मी लिहिलंसुद्धा. दुसऱ्याच दिवशी परदेशातून एकाचा मेसेज, पाठवाल का, चांगले पैसे देतो. तेव्हा जरा चौकशी केली तर कळलं की 1972 च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी, इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपली साडी तेवढी जुनी नाहीये पण मी स्वतःच तसं लिहून ठेवलेलं! लगेच दुरुस्त केलं, सुमारे ऐंशी वर्षं, एवढंच.

वयाचं खरं लिहिलं पण रफूचं नाही लिहिलं. पदराच्या डाव्या कडेला तीन बोटांएवढा रफू होता, सासूबाईंच्या सासूबाईंनी स्वतः केलेला, डाळिंबी धागा मिळाला नसेल म्हणून जांभळट धाग्याने. मी फोटो काढताना तो भाग घडीत जाईल असाच ठेवला. वाटलं उगाच किंमत पडेल. माझी सगळ्यात मोठी चूक ही, आणि पुढचं सगळं याच एका चुकीला धरून झालं.

सात दिवसांचा लिलाव, चाळीस हजारांपासून सुरू, शेवटच्या तासात दोघं जण भिडले आणि 1,26,000 ला गेली. घेणारा परराज्यातला, अकाउंट चार महिन्यांचं, बारा चांगले शेरे. ते शेरे मी नंतर उघडून बघितले तर सगळे दोनशे-तीनशे रुपयांच्या खरेदीचे, मोबाइल कव्हर, बटणं असलं काहीतरी. नुसता आकडा बघू नका, कशाबद्दलचे आहेत ते वाचा. त्याने आधी मेसेज केला होता की लिलाव रद्द करा, साइटचं कमिशन वाचेल, मी डायरेक्ट पैसे टाकतो. मी नाही म्हटलं, आणि मला वाटलं मी फार सावध आहे.

पैसे साइटकडे जमा झाले. मी मलमलच्या कापडात गुंडाळून, खोक्यात घालून कुरिअरला दिली. पावतीवर वजन 1 किलो 180 ग्रॅम. पॅक करतानाचा व्हिडिओ नाही काढला.

पार्सल पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची तक्रार, जरी खोटी आहे आणि साडी फाटून रफू केलेली आहे, वर्णनात लिहिलेलं नाही. सोबत फोटो, त्या रफूचा, अगदी जवळून. फोटो आपल्याच साडीचा, मी ओळखला. साइटवाल्यांनी मला विचारलं रफू आहे का, मी आहे म्हटलं, खोटं कसं बोलणार, आणि त्यांनी परतावा मंजूर केला. जरीचा विषय कुणी बघितलाच नाही. त्यांच्या नियमाप्रमाणे परतीचं पार्सल माझ्या दारात डिलिव्हर झालं अशी नोंद पडली की घेणाऱ्याचे पैसे आपोआप परत जातात. मी उघडून बघायच्या आधीच. हा नियम मी वाचलेलाच नव्हता.

पार्सल दुपारी आलं, मी ऑफिसला, वॉचमनने सही केली. संध्याकाळी दिवा लावून झाला आणि सासूबाई म्हणाल्या आण बघू, घरची लक्ष्मी घरी आली. खोकं तेच, मलमल तीच. आत साडी डाळिंबी, काठ हिरवा, घडी हुबेहूब. सासूबाईंनी नुसता हात फिरवला आणि हात मागे घेतला. ही ती नाहीये, म्हणाल्या. मी पदर उलटा केला, मागे कापलेल्या धाग्यांचं जंगल. डाव्या कडेला रफू नाही. अख्खी साडी पायापासून पदरापर्यंत फरशीवर पसरून शोधला, नाहीच. दुसऱ्या दिवशी सराफाने जरीचा धागा कसोटीवर घासला तर लालसर रेघ उठली, तांबं. आणि परतीच्या खोक्यावरच्या चिठ्ठीत वजन 840 ग्रॅम. तीनशे चाळीस ग्रॅमची तफावत, दोन्ही कागद माझ्या हातात.

हे सगळं साइटला पाठवलं. उत्तर आलं की तुम्ही पार्सल स्वीकारलंय, उघडतानाचा पुरावा नाही, प्रकरण बंद. रफू तर माझ्या एकाही फोटोत नव्हता, मग गेलेली साडी रफूवाली आणि आलेली बिनरफूची हे मी दाखवणार कशावरून? त्याच्या तक्रारीतला फोटो मी स्क्रीनशॉट काढून ठेवला म्हणून बरं, प्रकरण बंद झाल्यावर तिथून तो दिसेनासा झाला. आज माझ्याकडे आमच्या साडीच्या रफूचा एकच फोटो आहे आणि तो चोराने काढलेला आहे.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला, त्यावर भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 आहे, दोन्ही वजनाच्या पावत्या जोडल्यात. तिथल्या ताईंनी नीट ऐकून घेतलं, वजनाचा मुद्दा चांगला आहे म्हणाल्या. तपास चालू आहे. मध्येच एक फोन आला, सायबर खात्यातून बोलतोय, पैसे सापडलेत, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, तेवढं तरी माहीत होतं, ठेवून दिला.

तुमच्याकडे काही विकण्यासारखं असेल तर आधी त्याचे दोष शोधा, डाग, जिरलेली घडी, रफू, ठिगळ, आणि त्यांचेच सगळ्यात जवळून फोटो काढून लिलावात टाका. किंमत थोडी उतरेल, उतरू दे. काठ आणि पदर दोन्ही नवे विणून देता येतात पण आजीच्या हाताचा वाकडा रफू कुणाला करून आणता येणार नाही, तीच तुमच्या साडीची सही आहे. पॅक करताना एकच सलग व्हिडिओ, साडी, वजनकाटा, चिकटपट्टी, कुरिअरची चिठ्ठी सगळं त्यात आलं पाहिजे. परत आलं तर कुरिअरवाल्यासमोर वजन करून, व्हिडिओ काढतच उघडा, वॉचमनला सही करू देऊ नका. आणि परतीचे पैसे कुठल्या क्षणी जातात ते विकायच्या आधी वाचा. एवढी मौल्यवान असेल तर खरं सांगते, घेणाऱ्याला घरी बोलवा, समोर दाखवा, बँकेत पैसे दिसल्यावरच द्या.

ऑपरेशन सोसायटीचं कर्ज काढून झालं, सासूबाई आता काठी घेऊन चालतात. माझ्यावर एका शब्दाने रागावल्या नाहीत, फक्त परवा म्हणाल्या तो रफू करताना त्यांच्या बोटाला सुई टोचली होती, मी समोर बसले होते.

कुठे विकायला आलेली दिसली, प्रदर्शनात, दुकानात, ऑनलाइन, कुठेही, तर कृपा करून कळवा. डाळिंबी नऊवारी, हिरवा काठ, पदरावर अस्सावली, आणि पदराच्या डाव्या कडेला खालून दुसऱ्या वेलीजवळ तीन बोटांचा रफू, जांभळट धाग्याचा, शेवटी दोन टाके तिरके गेलेत.