दाण्याचा फीडर, भाताच्या लोंब्या की पाण्याची परळ?

माझ्या मामेबहिणीनं गेल्या महिन्यात उचगावला घर घेतलं. पुढं बऱ्यापैकी अंगण, मागं परसू, आणि तिची एकच हौस: सकाळी चहा घेताना पाखरं दिसली पाहिजेत. "दादा, यातला कुठला फीडर घेऊ?" म्हणून तिनं चार फोटो पाठवले. मी कोल्हापुरात रुईकर कॉलनीत राहतो आणि आठ-नऊ वर्षांत हे सगळे प्रकार करून बघितलेत. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

आधी बाजारचा टांगायचा फीडर. प्लॅस्टिकची नळी, खाली ताटली, आत बाजरी नाहीतर राळा. टांगायला पाच मिनिटं लागतात आणि एकदा दाणा नजरेला पडला की चिमण्या रोज हजेरी लावतात. पण तोच दाणा पारव्यांनाही दिसतो. चिमणीच्या दुप्पट लांबीचं ते पाखरू रुंद ताटलीवर बसलं की चिमण्यांना जागाच उरत नाही. मग कठड्यावर विष्ठा, आणि तिच्या धुळीनं फुप्फुसाचे आजार होतात. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला, तो याच कारणावरून. म्हणून फीडर घेणारच असाल तर ताटली नसलेला, बोटभर लांबीच्या काड्यांवर बसून खायचा घ्या.

दुसरी अडचण आपल्या पावसाची. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याच्या बातम्या यायला लागल्या की फीडर उतरवून ठेवायचा, हा माझा नियम आहे. एका जुलैत मी तसाच ठेवला होता. चार दिवसांनी बघतो तर तळातल्या बाजरीचा गोळा झालेला, वर कोंब आणि खाली हिरवी बुरशी. बुरशीचा दाणा पाखरांना विषासारखाच. उन्हाळ्यातसुद्धा आठवड्यातून एकदा फीडर गरम पाण्यानं धुऊन कडक वाळवावा लागतो, कारण एकाच घाणेरड्या ताटलीतून आजार सगळ्या थव्यात पसरतो. हे जमणार नसेल तर फीडर नकोच.

भाताच्या लोंब्या मला फीडरपेक्षा कितीतरी सरस वाटतात. सुगी झाली की आजरा, भुदरगड, शाहूवाडीकडचा कुणीतरी ओळखीचा निघतोच. त्याच्याकडून दोन पेंढ्या मागायच्या, झुंबरासारख्या बांधायच्या आणि सोप्याच्या आढ्याला टांगायच्या. पूर्वी घराघरांत हे असायचंच. लोंबी झुलते, त्यामुळं पारव्याला तिच्यावर बसता येत नाही, पण चिमण्या आणि मुनिया मजेत लोंबकळतात. जवळून बघा एकदा: चिमणी दाणा चोचीत आडवा धरते, कडेकडेनं दाबत फिरवते आणि तूस भुरभुर खाली पडतं. धुण्याची भानगड नाही, सोप्यात पाऊस लागत नाही. खाली तूस मात्र रोज झाडावं लागतं, आणि दोन पेंढ्या महिनाभरात संपतात.

आता या दोन्हींची मर्यादा एकच: त्यांच्याकडं फक्त दाणे खाणारी पाखरं येतात. बुलबुल, दयाळ, शिंपी, चष्मेवाला यांना बाजरीशी काही देणंघेणं नाही. चिमणीसुद्धा पिलांना मुख्यतः अळ्या-किडेच भरवते. म्हणूनच मी पाण्याला पहिला मान देतो. कुंभाराकडची पसरट मातीची परळ आणायची, दोन बोटं पाणी भरायचं, मधे एक खडबडीत दगड ठेवायचा. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत काठावर पाखरांचे पाय घसरतात, मातीवर नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात बुलबुलांची जोडी दुपारी येते. आधी दगडावर बसून चौफेर बघायचं, मग पाण्यात छाती टेकवून पंख फडफडवायचे. एकाची आंघोळ चालू असताना दुसरा जास्वंदीवर बसून राहतो.

पाणी मात्र रोज बदलायचं आणि परळ काथ्यानं घासायची. आठवडाभर पाणी तसंच राहिलं तर पाखरांआधी डास होतात. परळ झुडपाला चिकटून ठेवू नका, तिथं मांजर दबा धरून बसतं. चार-पाच हात अंतर बरं.

बहिणीच्या फोटोंत एक साखरपाण्याचा लाल फीडर होता, हमिंगबर्डसाठीचा. तो सरळ रद्द करायला सांगितला. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आपल्याकडं मध पिणारा म्हणजे शिंजीर, आणि त्याला जास्वंद पुरते. फुलाच्या तोंडाशी न जाता तो देठाजवळ चोच खुपसून मध ओढतो, हे बघण्यासारखं असतं. कुंडीतल्या जास्वंदीवरही येतो. परसात जागा असेल तर कढीपत्ता वाढू द्या. त्याची काळी फळं पिकली की बुलबुल आणि कोकीळ ठाण मांडतात. झाडाला वर्षं लागतात, तेवढी कळ सोसायची तयारी हवी.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी दाण्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण खालच्या मजल्यावरच्या काकूंचं वाळवण पारव्यांच्या तावडीत सापडतं. त्यांच्यासाठी गॅलरीत परळ आणि जास्वंदीची कुंडी. अंगण असेल तर परळ आजच ठेवा आणि सुगीनंतर लोंब्या टांगा. फीडर हवाच असेल तर तो सर्वांत शेवटी, आणि फक्त कोरड्या दिवसांत. पाव, फरसाण, खारे दाणे कशातच टाकू नका.

बहिणीनं फीडर घेतला नाही. मागच्या रविवारी परळ ठेवली, तीन दिवस कुणी फिरकलं नाही म्हणून हिरमुसली होती. गुरुवारी सकाळी सातला फोन: "दादा, डोक्यावर काळी शेंडी आहे आणि शेपटीखाली लाल. हे काय आहे?" लालबुड्या बुलबुल म्हटल्यावर लगेच म्हणाली, "हळू बोल, उडंल ते."