प्लायवर शिक्का 710 चा आणि आत साधा माल, माझं पहिलंच काम कसं बुडालं

आधीच सांगते, यात माझा येडेपणा कमी नाही, हसायचं असेल तर हसून घ्या, पण नोकरी सोडून इंटिरियरच्या धंद्यात उतरायचा विचार करून राहिले असाल तर प्लायचा भाग तरी नीट वाचा.

मी 11 वर्षं अकाउंट्सला होती, नागपुरात मिहानकडे एका कंपनीत. दुसऱ्यांची बिलं तपासायची, एक आकडा चुकला तर परत पाठवायची. घर सजवायची हौस जुनी, सहा महिन्यांचा कोर्स केला आणि मार्चमध्ये राजीनामा दिला. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागते, इंटिरियर डिझायनरला तसं काही लागत नाही, कार्ड छापलं की झालं. तेव्हा हे लय सोयीचं वाटलं होतं.

पहिलं काम बेसाला मिळालं, आईच्या ओळखीतल्या एक काकू, काका नुकतेच रिटायर झालेले. किचन आणि दोन वॉर्डरोब. सुतारकामाचा ठेकेदार कोणीतरी सुचवला, माणूस बोलायला इतका गोड की विचारू नका. "मॅडम, मी आहे ना, तुम्ही टेन्शन काहून घेता, डिझाइन तुमचं, माल माझ्यावर सोडा." किचनला वॉटरप्रूफच हवं म्हटलं तर म्हणे 710 शिवाय मी हातच लावत नाही. आय एस 710 म्हणजे भारतीय मानकातलं मरीन ग्रेड, फिनॉलचा गोंद, उकळत्या पाण्यात टिकणारं. साधं कमर्शियल प्लाय 303 या मानकातलं एमआर ग्रेड, त्यात युरियाचा गोंद, थोडा दमटपणा सहन करते पण पाणी नाही.

माल उतरला तेव्हा मी स्वतः उभी होती. 34 शीट, 8 बाय 4 चे, 98 रुपये चौरस फूट, म्हणजे 1,06,624 रुपये. प्रत्येक शीटवर आयएसआयचा शिक्का, त्यावर 710. फोटो काढून काकूंनाही पाठवले, केवढा अभिमान! बिल मागितलं तर ठेकेदार म्हणाला पक्कं घ्याल तर 18 टक्के जीएसटी वर पडेल, काकूंचं बजेट तर टाइट आहे. आणि मी, 11 वर्षं लोकांची बिलं परत पाठवणारी बाई, हो म्हणाली. हाती आली एक चिठ्ठी, वर "एस्टिमेट" छापलेलं, दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, नुसते पेनाने लिहिलेले आकडे. पैसे ठेकेदाराला रोख दिले.

मे महिन्यात काम संपलं. 45 डिग्रीच्या उन्हात कोणतंही प्लाय कडकच राहते म्हणा. जुलैत काकूंचा फोन, "अगं, सिंकखालून कसा तरी वास येऊन राहिला, आणि दार लागत नाही बाई." गेली तर खालचा पल्ला पुरीसारखा फुगलेला, लॅमिनेट उचकलेलं, बोट लावलं तर आतला थर भुग्यासारखा हातात आला.

घरी एक उरलेला तुकडा होता, तो जुन्या पातेल्यात उकळायला टाकला. 710 ची खरी चाचणी 72 तासांची असते, याचे थर चौथ्या तासालाच सुटले आणि पाणी लालसर झालं, कडांना नुसता रंग फासलेला होता. शिक्का मात्र जागच्या जागी. नीट पाहिलं तर शिक्क्याखाली सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा लायसन नंबरच नव्हता. खऱ्या आयएसआय मालावर तो असतो, आयएसआयचं लायसन देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी, ग्रेड, लायसन चालू आहे की नाही सगळं दिसते. दोन मिनिटांचं काम, फुकटात. मला हे लकडगंजमध्ये एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने सांगितलं, माल उतरून दोन महिने झाल्यावर. तो तुकडा हातात घेऊन म्हणाला हे 54 रुपये फुटाच्या वरचं नाही. म्हणजे फुटामागे 44 गेले, एकूण 47,872.

ठेकेदाराने पुढे मिळेल त्या कामाचे म्हणून 60 हजार ॲडव्हान्स नेले होते, तेही रोखच. त्याचा फोन बंद. माल आणणाऱ्या टेम्पोवाल्याकडून दुकान शोधून काढलं, तर मालक शांतपणे म्हणाला, "ताई, हा आमचा माल आहे कशावरून?" काय उत्तर देणार, चिठ्ठीवर कोणाचंच नाव नव्हतं. एका वकिलांना विचारलं, ते म्हणाले धंद्यासाठी घेतलेला माल ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, स्वतःचं पोट भरायला स्वतः धंदा करणाऱ्याला त्यात सूट आहे, पण बाई, खरेदीचा कागद कुठाय? पोलिसांत अर्ज दिला, तो तसाच पडून आहे.

काकूंना सगळं खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, चहा ठेवला, आणि तेच जास्त लागलं. सिंकची आणि खालची कपाटं माझ्या पैशाने नव्याने करून दिली, यावेळी प्रत्येक शीटचा नंबर ॲपमध्ये टाकून, पक्क्या बिलावर, पैसे बँकेतून थेट दुकानाच्या खात्यात. सुताराला फक्त मजुरी, तीही काम होईल तशी.

परवा ते काम संपलं. पुढचा क्लायंट अजून आलेला नाही, तोवर संध्याकाळी ओळखीच्या तीन दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरून देऊन राहिली आहे, त्यातला एक प्लायवालाच आहे.