चेक इंजिनची हट्टी लाईट आणि ओबीडी स्कॅनर: काही महिन्यांच्या वापरानंतर

ओबीडी-२ स्कॅनर म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनच्या संगणकातली माहिती मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र. ब्लूटूथवर चालणारा असा एक स्कॅनर मी एकाच कारणासाठी घेतला. डॅशबोर्डवरची चेक इंजिनची पिवळी लाईट गॅरेजमधून घालवून आणली, की काही दिवसांत पुन्हा लागायची. काही महिने नियमित वापरल्यावर माझं ठाम मत झालंय, की कोड, म्हणजे दोषाचा नोंदलेला क्रमांक, वाचणं हे या यंत्राचं सगळ्यात किरकोळ काम आहे. त्याचा खरा उपयोग चालू इंजिनचे आकडे बघण्यात आहे.

माझ्या गाडीत यायचा तो कोड पी०१७१. म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. गॅरेजमध्ये कोड पाहिला, ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला आणि गाडी हातात दिली. लाईट परत आली. याचा मला मनापासून राग येतो, कारण जुना सेन्सर खरं तेच सांगत होता. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त आहे हे त्याने बरोबर ओळखलं होतं. ती जादा हवा शिरते कुठून, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

स्कॅनर लावल्यावर मी आधी फ्रीझ फ्रेम उघडली. कोड पडला त्या क्षणी इंजिनची स्थिती काय होती, त्याची ही नोंद असते. त्यात इंजिन गरम, वेग शून्य, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आयडलचे, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असतानाचे. म्हणजे गाडी उभी असतानाच बिघडत होतं. मग फ्युएल ट्रिम पाहिला. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, मूळ हिशेबापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते हा आकडा सांगतो. तो शून्याच्या आसपास असावा, पाच टक्के इकडेतिकडे चालतं, दहाच्या वर गेला की शोध घ्यायला हवा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा बदल) आणि लाँग टर्म (हळूहळू मुरलेला बदल) अशा दोन्हींची बेरीज पाहायची. माझ्याकडे आयडलला लाँग टर्म एकटाच अधिक १८ होता. अॅक्सिलरेटर दाबून आरपीएम २५०० वर धरले, तर तोच आकडा उतरत अधिक ४ वर आला.

निदान इथेच झालं. इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेला, कुठे चीर असेल तर आयडलला थ्रॉटल (त्या वाटेवरची झडप) जवळजवळ बंद असतो, आत व्हॅक्यूम जोरदार असतो आणि चिरेतून ओढली जाणारी हवा एकूण हवेच्या मानाने मोठी ठरते. थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम कमी होतो, मुख्य वाटेने भरपूर हवा येते आणि चिरेतली हवा नगण्य होते. याउलट आरपीएम आणि लोड वाढेल तसा ट्रिम वर चढत असेल, तर फ्युएल पंप, तुंबलेला फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर यांच्याकडे बघायचं. हे आकडे घेऊन दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो आणि स्मोक टेस्ट, म्हणजे आत धूर सोडून गळती शोधायची चाचणी, करायला सांगितली. पीसीव्हीच्या (इंजिनच्या आतले वायू परत इनटेककडे नेणाऱ्या) रबरी पाइपाच्या वळणावर, खालच्या बाजूने, धूर निघाला. पाइप बदलला. आता आयडलचा ट्रिम दोन-तीन टक्क्यांवर असतो आणि लाईट पुन्हा लागलेली नाही.

ती दरवेळी काही दिवसांनीच का लागायची, तेही यातून कळलं. असे बरेच दोष लागोपाठ दोन ड्रायव्हिंग सायकलमध्ये (इंजिन चालू करून, गाडी चालवून बंद करेपर्यंतची एक फेरी) दिसल्याशिवाय लाईट लागत नाही, पण पहिल्याच वेळी ते ‘पेंडिंग’मध्ये नोंदले जातात. दुरुस्तीनंतर मी तेच पान बघत राहिलो. कोड पुसण्याची घाई मात्र करू नका. पुसला की फ्रीझ फ्रेम जाते, रेडिनेस मॉनिटरही, म्हणजे गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्यांची नोंदही, शून्यापासून सुरू होतात. आधी स्क्रीनशॉट काढा. आणि लाईट नुसती लागलेली नसून लुकलुकत असेल, तर मिसफायरमुळे (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याने) न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जातंय असं समजा. तेव्हा गाडी दामटू नका.

तक्रारी आहेतच. ब्लूटूथ मधूनच तुटतं. एका वेळी आठ-दहा रीडिंग लावली तर आकडे इतके रेंगाळतात की आलेखाला अर्थ उरत नाही, म्हणून मी तीन-चारच लावतो. अशा स्कॅनरमधल्या ईएलएम ३२७ या चिपच्या स्वस्त नकला बाजारात भरपूर आहेत आणि त्यातल्या काहींना सगळ्या कमांड समजत नाहीत. एबीएस किंवा एअरबॅगची लाईट साध्या अॅपवर सहसा वाचता येत नाही, कारण ओबीडी-२ चं प्रमाण मुळात प्रदूषणाशी निगडित भागांसाठी बनलंय. स्कॅनर सॉकेटमध्ये कायम लावून ठेवू नका. तिथे गाडी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा चालू असतो, त्यामुळे बरेच दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते.

सध्या हा स्कॅनर माझ्या भावाच्या गाडीत आहे. तिथे पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, येतोय, आणि त्याला कन्व्हर्टरच बदला असं सांगितलंय. कन्व्हर्टरच्या आधीचा आणि नंतरचा अशा दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आलेख शेजारी लावून पाहिले. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खालीवर होतो, ते बरोबरच आहे. मागचा स्थिर राहायला हवा, पण तोही पुढच्यासारखाच हलतो. म्हणजे कन्व्हर्टरवर संशय रास्त आहे. तरी एवढा महाग भाग काढण्याआधी एक्झॉस्टचे जोड तपासून घे म्हणून मी त्याच्या मागे लागलोय. मागच्या सेन्सरच्या आधी कुठे गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि कन्व्हर्टर धड असूनही हाच कोड पडू शकतो.