केरीचा (पेडणे) होमस्टे: कोरोनात एकटीनं जाऊन राहिले, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, पाचपैकी पाच. आणि हे पाच समुद्राला नाहीत, समुद्र गोव्यात कुठंही मिळतो, हे त्या घरातल्या काका-काकींना आहेत, त्या दिवसांत परक्या माणसाला त्यांनी ज्या पद्धतीनं घरात घेतलं त्यासाठी.

डिसेंबर २०२० ची गोष्ट. गोव्यानं १ सप्टेंबरपासून सीमा उघडल्या होत्या, ना पास ना रिपोर्ट, त्यामुळं कोल्हापुरातून गाडी काढायला काहीच अडचण नव्हती. अडचण राहण्याची. कळंगुट-बागा साईडला फोन लावले तर एक म्हणे सिंगल लेडीजला रूम देत नाही, दुसरा म्हणे देतो पण भाडं डबल, आणि एकानं तर सोबत कोण येणार हेच फिरून फिरून विचारलं, मी शेवटी फोनच ठेवला. मग सावंतवाडीच्या मैत्रिणीनं या घराचा लँडलाईन दिला. काकींचा पहिला प्रश्न, घरात कोणाला ताप-खोकला नाही ना, आणि दुसरं वाक्य, "अंधार पडल्यावर घाट उतरू नको बाय, उजेडात ये." एवढ्यावर मी बुकिंग केलं.

रस्ता निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. तिथून हायवेला न लागता मळेवाड-आरोंदा करत किरणपाणीचा पूल ओलांडला की थेट केरीच्या बाजूला उतरता, हा रस्ता अरुंद आहे पण फार सुंदर आहे, गर्दी नाही.

घराला पाटी नाही. कौलारू घर, मागं माड आणि पोफळी, तीन खोल्या, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक खोलीचं दार वेगळं बाहेर उघडतं आणि पुढं स्वतःची छोटी पडवी, म्हणजे कोणाच्या अंगावरून जायचा प्रश्नच नाही. एसी नाही, तीन बाजूंनी खिडक्या, वारा आरपार. गेल्या गेल्या काकांनी लांबूनच टेंपरेचर घेतलं, ऑक्सिमीटर स्टुलावर ठेवला आणि म्हणाले तुझं तूच बघ नि आकडा सांग. एक पाहुणा गेला की ती खोली पुढं दोन दिवस कोणालाच द्यायची नाही हा त्यांचा नियम, गाद्या-उशा खळ्यात, म्हणजे अंगणात, उन्हात, दारं-खिडक्या सताड उघड्या. त्या सीझनला परदेशी चार्टर विमानं नाहीत, जवळच्या हरमल-मोरजी बीचचा अर्धा धंदा झोपलेला, आणि तशात ही माणसं चालू भाडं सोडून खोली रिकामी ठेवत होती. मोठमोठ्या हॉटेलांचे सॅनिटाइज्ड म्हणून स्टिकर बघितले होते मी, पण विश्वास बसला तो इथं.

जेवण. याच्यावर मी कितीही लिहू शकते. काकी डबा पडवीतल्या स्टुलावर ठेवायच्या, खिडकीच्या गजावर दोनदा टकटक, आणि मी दार उघडेपर्यंत त्या खळ्याच्या पार पलीकडं तुळशीपाशी जाऊन उभ्या, मास्क नाकावर नीट. पहिल्याच दुपारी उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण (नारळाच्या रसातलं कालवण), सुंगटांचं किसमूर (सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर) आणि सोलकढी. हुमणात तेफळं (तिरफळं) होती, ती खायची नसतात बाजूला काढायची असतात हे मला त्यांनी खळ्याच्या त्या टोकावरून ओरडून सांगितलं, आणि मी पहिला घास घेईपर्यंत हलल्या नाहीत. नारळाचा रस दाट, आंबट नेमकं, आणि त्या तेफळाचा वास गरम भातातून वर येतो तो अजून आठवतो. आम्हा कोल्हापूरकरांना तांबडा-पांढऱ्याशिवाय दुसरा रस्सा मानायची सवय नाही, पण हे हुमण मी मानते. सोमवारी शिवराक, म्हणजे मासे-मटण नाही, त्या दिवशी अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) भाजी, तीही चाटूनपुसून संपवली. सकाळी पेज आणि लोणचं. तेव्हा, २०२० मध्ये, खोली १२०० रुपये होती, माशांचं ताट १५०.

संध्याकाळी काका त्यांच्या सोप्यावर, मी माझ्या पडवीत, मध्ये अख्खं खळं, आणि मोठ्या आवाजात गप्पा. काका मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे, दशावताराचे वेडे, यंदा जत्रेत नाटक नाही म्हणून खरोखर कासावीस. मार्चपासून मी घरात एकटीच लॅपटॉपसमोर होते, ऑफिसची माणसं स्क्रीनवर दिसायची तेवढीच. रोज रात्री "जेवलंस गे बाय?" असं कोणीतरी विचारतंय याचं मोल मला पैशात सांगता येणार नाही. अंतरही पाळलं आणि एकटंही पाडलं नाही, हे दोन्ही एकत्र जमवणारी दुसरी जागा त्या वर्षात मला भेटली नाही.

बीच सुरूच्या झाडांतून चालत दहा मिनिटं. खाडीच्या तोंडाशी पोहू नका, पाण्याला ओढ आहे, काकांनी मला बजावलं होतं आणि मीही बजावते. फेरीबोटीत गाडी घालून तेरेखोलला जा, गाडीतून उतरायचीही गरज नाही, फक्त ओहोटीला फेरी थांबते तेव्हा वेळ विचारून निघा. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला, नदीच्या पलीकडं असूनही गाव गोव्याचं राहिलं ते त्यामुळंच. वरून केरीचा अख्खा किनारा दिसतो.

कमी म्हणाल तर गीझर नाही, न्हाणीत चुलीवर भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) असतं, पाणी कडकडीत मिळतं पण तासभर आधी सांगावं लागतं. डास आहेत. मोबाईलला रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात, त्यामुळं वर्क फ्रॉम होम करायच्या विचारानं जाऊ नका, आणि यूपीआयच्या भरवशावर तर अजिबात नको, कॅश न्या.

परतीचं एक त्या वेळी जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं होतं, २५ नोव्हेंबरपासून महाराष्ट्रानं गोव्याहून येणाऱ्यांवर नियम लावले होते, विमानानं-रेल्वेनं येणाऱ्याला आरटीपीसीआर रिपोर्ट आणि रस्त्यानं येणाऱ्याची सीमेवर तपासणी. मी येताना बांद्याकडून आले, ताप बघितला, नाव-गाव लिहून घेतलं, सोडलं.

त्यांचा नंबर मी त्यांना न विचारता इथं टाकणार नाही. फेरीधक्क्याच्या रस्त्यावर कुठल्याही दुकानात तीन खोल्यांचं घर म्हणून विचारा, सांगतात. फोन मिळालाच तर संध्याकाळी सातनंतर करा, दुपारी काकी उचलत नाहीत, आणि मासे हवे असतील तर सोमवार सोडून जा.