स्लोवर बंद पडणारी स्कूटर: जुना कार्बोरेटर साफ करावा की नवा टाकावा?

२०२० च्या आधीची, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) स्कूटर आहे, रेस सोडली की स्लोवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, बंद पडते, प्लग आणि एअर फिल्टर बघून झालेत. अशा वेळी मेकॅनिक दोनच वाटा सांगतो: खोलून साफ करू, नाहीतर नवाच टाकू. लातुरात माझ्या गाडीवर मी दोन्ही करून पाहिलं.

आधी नवा टाकला. कंपनीचा नाही, बाजारात मिळतो तो. तासाभरात काम झालं, सेल्फला गाडी लगेच सुरू, पिकअपही छान. पण इंजिन तापलं की स्लो खाली यायचा. गंजगोलाईत सोळा रस्त्यांची गर्दी अंगावर येते, तिथं बरोबर मध्यावर गाडी बंद. मेकॅनिकनं स्क्रू पिळून स्लो चढवला. बंद पडणं थांबलं, पण आता रेस न देताही गाडी पुढं सरकायची. स्कूटरचा क्लच इंजिनाच्या फेऱ्यांवरच धरतो, स्लो चढा झाला की तो आपोआप पकडतो. मेन स्टँडवर लावली तरी मागचं चाक जोरात फिरत राहायचं. पुढं मुलगी उभी असताना एकदा ब्रेकवरचा हात जरा सैल पडला आणि गाडीनं हिसका दिला. त्या दिवशी माझं मन ठरलं. सकाळी पहिली एक-दोन मिनिटं स्लो चढा राहतो तो ऑटो चोकमुळे (गार इंजिनाला आपोआप जादा पेट्रोल देणारा भाग), त्याची काळजी नको. ही तर तापलेली गाडी होती.

मग जुना कार्बोरेटर पिशवीतून काढला आणि दुसऱ्या मेकॅनिककडं नेला. त्यानं आधी इंजिन आणि कार्बोरेटर जोडणाऱ्या रबरावर क्लीनर फवारला. इंजिनाचा आवाज लगेच बदलला. रबराला खालच्या बाजूनं, सहज दिसणार नाही अशी चीर होती आणि तिथून हवा ओढली जात होती. म्हणजे नव्या कार्बोरेटरवर मी उगाच राग काढत होतो, असंही म्हणता येईल. पण रबर बदलल्यावरही नव्या कार्बोरेटरचा स्लो एका जागी ठरेना.

जुन्याचा हवेचा स्क्रू काढण्याआधी त्यानं तो हलक्या हातानं पूर्ण आत फिरवत फेरे मोजले, म्हणजे परत तिथंच बसवता येतो. स्लो जेटच्या, म्हणजे स्लोवर पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या, भोकात उन्हाळाभर उभ्या गाडीतलं पेट्रोल आटून चिकट थर बसला होता. तिथं तार घालू दिली नाही, भोक मोठं होतं म्हणे. क्लीनर आणि हवेचा फवारा, बस. नवी रबरं टाकली आणि गाडी चांगली तापवून मगच स्लो लावला.

याला निम्मा दिवस गेला आणि गाडीशिवाय खोळंबा झाला, हे खरं. स्क्रूचे आटे गेले असतील किंवा कार्बोरेटरच्या आतला पिस्टन झिजला असेल, तर नवा घ्यावाच लागेल, पण मग कंपनीचा घ्या. माझा साफ केलेला जुना दोन पावसाळे चालतोय, आणि गोलाईत उभं राहताना ब्रेक दाबून धरावा लागत नाही.