सायकल दुसऱ्याला चालवायला द्यावी का? कुठली, कुणाला आणि किती वेळ

"एक चक्कर मारून येऊ का?" या प्रश्नाला आपण बहुधा चुकीच्या कारणाने नाही म्हणतो, आणि हो म्हणतो तेही चुकीच्याच. नाही म्हणताना मनात झीज असते: टायर झिजतील, चेन ताणली जाईल. हिशोब करून बघा. वेळेवर तेल मिळालेली चेन साधारण २००० ते ५००० किलोमीटर जाते. दुसऱ्याच्या पाच-दहा किलोमीटरनी त्यात मोजण्याजोगा फरक पडत नाही. हो म्हणताना मनात असतं, "सायकल काय, सगळ्यांनाच येते." सायकल येत असेल, तुमची सायकल येतेच असं नाही.

खरं नुकसान चार वाटांनी होतं. तुमचं माप बिघडतं, सायकल पडते, गिअर भलत्या वेळी बदलले जातात, किंवा सायकल चोरीला जाते. पहिली गोष्ट जवळजवळ दर वेळी घडते आणि दोन मिनिटांत निस्तरते. शेवटची क्वचित घडते आणि निस्तरतच नाही. चालवणाऱ्याला लागण्याचा प्रश्न या चौघांच्याही वर आहे, म्हणून सुरुवात त्याच्या मापापासून.

सीट हलवावी लागणार का?

द्यायची की नाही हे ठरवताना आधी सीटकडे बघा, माणसाच्या स्वभावाकडे नंतर. सीटच्या उंचीचा एक जुना, अजूनही कामाचा ठोकताळा आहे: जांघेपासून जमिनीपर्यंतची पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३. उत्तर येतं ते क्रँक (पायडलचा दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. पाय ८२ सेंटिमीटरचा असेल तर सुमारे ७२.५, ७८ चा असेल तर सुमारे ६९. म्हणजे पायात ४ सेंटिमीटरचा फरक असला की सीट साडेतीन सेंटिमीटर हलवावी लागते. एक-दीड सेंटिमीटरचा फरक असेल तर एका चकरेसाठी सीटला हात लावू देऊ नका, तसंच चालतं.

इथे एक गोष्ट लोक उलटी समजतात. उंच माणसाने बुटक्याची सायकल चालवली तर गुडघे दुखतील, अवघडल्यासारखं होईल, पण थांबताना पाय जमिनीला टेकतात. बुटक्याने उंच माणसाची सायकल घेतली तर चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि थांबताना पाय टेकत नाही. या दुसऱ्या प्रकारात सायकल आडवी होते, तीही चालताना नाही, उभी करताना. फ्रेमचा आडवा दांडा असेल तर मागणाऱ्याला त्यावर पाय टाकून जमिनीवर उभं राहायला सांगा. दांडा आणि अंग यांत दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा हवी. नसेल तर सीट कितीही खाली केली तरी ती सायकल त्याच्या मापाची नाही, आणि नाही म्हणायला याहून सरळ कारण नाही.

उंच माणसाकडून होणारी चूक वेगळी. तो सीट वर ओढतो आणि सीटपोस्टवरची (सीटखालच्या दांड्यावरची) किमान खोलीची खूण फ्रेमच्या बाहेर येते. मग सगळं वजन पाइपच्या वरच्या कडेवर येतं आणि एखाद्या खड्ड्यात पोस्ट वाकतो किंवा फ्रेमला तिथेच चीर जाते. खूण दिसते आहे म्हणजे सीट फार वर आहे, एवढं एक वाक्य सांगून ठेवलं तरी पुरे.

सीट हलवू द्यायचीच असेल तर आधी क्लॅम्पच्या (पोस्ट फ्रेममध्ये आवळणाऱ्या पट्टीच्या) बरोबर वर पोस्टभोवती इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. सायकल परत आली की पोस्ट टेपपर्यंत खाली सोडायचा आणि सीटचं नाक दांड्याच्या रेषेत आणायचं, काम संपलं. क्लॅम्पला लिव्हर असेल तर हे दहा सेकंदांत होतं. ॲलन बोल्ट असेल तर पाना तुमच्या हातात ठेवा. पोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर क्लॅम्पवर छापलेल्या आकड्यापेक्षा (बहुतेकदा ४ ते ६ न्यूटन-मीटर) जास्त आवळलेलं चालत नाही, आणि "घट्ट लावलंय हं" म्हणणाऱ्याला हा आकडा माहीत नसतो. कार्बनच्या सीटपोस्टला परक्या माणसाने हात लावायचा नाही, हा नियम सरसकट ठेवा.

साधी, गिअरची की रेसिंगची?

बिनगिअरची साधी सायकल द्यायला सर्वांत सोपी. चढवायची, उतरवायची, कुलूप लावायचं. बघायचं एवढंच की दोन्ही ब्रेक धरतात का आणि चेनला मधोमध दहा-पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त झोल नाही ना. झोल जास्त असेल तर खड्ड्यात चेन पडते, आणि ती चढवताना नवख्या माणसाची बोटं दातांत सापडतात. कॅरिअरवर मात्र कुणाला बसवू नका हे सांगाच. बऱ्याच कॅरिअरवर २५ किलोची मर्यादा छापलेली असते आणि ती सामानासाठी असते. डबलसीटमध्ये मागच्याचा पाय आऱ्यांत जाणं हा जुनाच अपघात आहे.

मागच्या हबमध्येच (चाकाच्या मधल्या भागात) गिअर असलेली सायकल याच रांगेत बसवा. तिचा गिअर थांबूनही बदलता येतो, बाहेर लोंबणारं काही नसतं. घरात दोन सायकली असतील आणि त्यांतली एक अशी असेल, तर मागणाऱ्याला तीच पुढे करावी.

डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेच्या, सायकलीपाशी खरी अडचण सुरू होते. थांबलेल्या सायकलीवर तीन-चार गिअर दाबले आणि मग जोरात पायडल मारलं की चेन कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या) दातांत अडकते किंवा शेवटच्या चकतीच्या पलीकडे जाते. चढावर पूर्ण जोर लावून गिअर टाकला की तोच प्रकार, वर कडकड आवाज. त्याहून घातक म्हणजे सायकल उजव्या अंगावर पडणं. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती हँगर बहुधा मऊ ॲल्युमिनियमची असते. फ्रेम वाचावी म्हणून ती आधी वाकेल अशीच बनवतात. पडल्यावर ती थोडी आत वाकते, सायकल चालतेही नीट. मग पुढच्या चढावर कुणीतरी सर्वांत मोठ्या चकतीवर चेन टाकतो, डिरेलर आऱ्यांत शिरतो आणि आरे, डिरेलर, हँगर एकदमच जातात. तो "कुणीतरी" बहुतेकदा मालक असतो, कारण पाडणाऱ्याने "काही झालं नाही" असं सांगून सायकल परत दिलेली असते.

यावर एक साधा उपाय आहे. देण्याआधी पुढची चेन मधल्या चकतीवर ठेवा (दोनच असतील तर लहान चकतीवर) आणि सांगा: डाव्या हाताच्या गिअरला हात लावायचा नाही, उजव्याचाच वापरायचा, एकेक करून, पायडल हलकं फिरवत असताना, चढ लागायच्या आधी. एवढ्याने निम्म्याहून जास्त भानगडी टळतात.

ब्रेकचं प्रकरण डोळ्यांआड राहतं. ब्रिटन आणि जपानमध्ये रूढीने उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागांत डाव्या हाताला. सायकल कुठून आली आणि आधीच्या मालकाने केबली कशा बदलल्या यावर तुमची जोडणी ठरते. मागणारा ज्या हाताने सवयीने "मागचा" दाबतो त्या हाताला तुमचा पुढचा असेल तर पहिल्याच तातडीच्या वेळी तो हँडलवरून पुढे जाईल. हायड्रॉलिक डिस्क असेल तर आणखी लवकर, कारण तिथे एका बोटाचा जोर पुरतो आणि रिमब्रेकवाल्याला (चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकवाल्याला) चार बोटांची सवय असते. बसायच्या आधी सायकल हाताने ढकलत एकेक ब्रेक दाबून बघायला लावा. पुढचा दाबला की मागचं चाक उचलल्यासारखं होतं, हे हाताला एकदा कळलं की लक्षात राहतं.

क्लिपच्या पायडलची (ज्यात खास बूट अडकवतात) रेसिंग सायकल साध्या चपला-बुटांवर देऊ नका. धातूच्या त्या छोट्या गठ्ठ्यावरून पाय घसरतो आणि नडगी सोलते. साधी पायडलं लावून देता येतात, पण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरून जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे कायमचे जातात. लक्षात ठेवायची खूण अशी: पाना वर उभा धरा आणि पुढच्या चाकाच्या दिशेने ढकला, दोन्ही बाजूंना पायडल आवळलं जातं, मागे ओढा, सुटतं. बहुतेक पायडलांना १५ मिमीचा पाना लागतो, काहींना आतून ६ किंवा ८ मिमीची ॲलन की. आट्यांना ग्रीस लावा आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्या पान्याने नाही, बोटांनी फिरवा.

फिक्स्ड गिअरची सायकल ज्याने कधी चालवली नाही त्याला देऊच नये. तिथे पाय थांबवता येत नाहीत, आणि थांबवायचा प्रयत्न केला की मागचं चाक माणसाला वर फेकतं. मागे पायडल मारून ब्रेक लागणारी सायकल इतकी वाईट नाही, पण रिकामं मागे फिरवायची सवय असलेल्याला ती अचानक थांबवते. आधी सपाटीवर दोनदा करून बघू द्या. विजेवर चालणाऱ्या सायकलीचा जोर पहिल्यांदा सर्वांत कमी पातळीवर ठेवा, आणि सिग्नलला थांबताना पायडलवर पाय दाबून ठेवायचा नाही हे सांगा. नाहीतर ती उभ्याउभ्या पुढे उसळते.

चक्कर, दिवस की महिना?

डोळ्यांसमोरची चक्कर आणि दिवसभरासाठी नेणं यांत अंतराचा प्रश्न गौण आहे, फरक कुलपाचा आहे. चकरेत सायकल नजरेआड होत नाही. दिवसभरात ती चार ठिकाणी उभी राहते, आणि मागणारा पुढच्या चाकाला कुलूप लावून निघून जातो. चाक लिव्हरने सुटणारं असेल तर चोर चाक कुलपापाशी सोडून बाकीची सायकल नेतो. म्हणून कुलूप फ्रेममधून, मागच्या चाकातून आणि हलणार नाही अशा खांबातून कसं घालायचं ते एकदा करून दाखवा, तोंडी सांगू नका. एकच किल्ली द्या, दुसरी घरी. बॉटम ब्रॅकेटखाली (क्रँकचा आस बसतो त्या भागाखाली) कोरलेला फ्रेमचा क्रमांक लिहून ठेवा आणि उजव्या बाजूचा एक फोटो काढा. विमा असेल तर दुसऱ्याच्या हातातली सायकल त्यात धरली जाते का, हे देण्याआधी वाचा. काही पॉलिसींत ती धरलेली नसते.

दिवसाच्या बोलीवर दिलेली सायकल गाडीत घालून नेली जाणार असेल तर अधिक सावध राहा. पुढचं चाक काढल्यावर डिस्कचा लिव्हर चुकून दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून द्या. रिमब्रेक असेल तर चाक काढायला सैल केलेला ब्रेक परत जोडायचा राहून जातो. चाकाचा लिव्हर लावताना तो अर्ध्यावर आल्यापासून जोर लागायला हवा आणि बंद झाल्यावर तळहातावर वळ उमटायला हवा. नटासारखा गोल गोल फिरवून घट्ट केलेला लिव्हर म्हणजे न लावलेला लिव्हर.

वजनाचा फरक असेल तर हवा बदला. २८ मिमीच्या टायरवर ६० किलोच्या माणसाला ६५ पीएसआयच्या आसपास पुरतात, ९० किलोच्याला ८५ च्या आसपास लागतात. कमी हवेत खड्डा बसला की रिम आणि खड्ड्याची कड यांत ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

महिनाभरासाठी मागितली तर प्रश्न पुन्हा बदलतो. आता झीज खरोखर मोजायची, कारण किलोमीटर जमतात आणि चेनला तेल कोण घालणार हे ठरलेलं नसतं. देण्याआधी चेन मोजून ठेवा. ११-१२ चकत्यांच्या कॅसेटला ०.५ टक्के ताण आला की चेन बदलायची, १० पर्यंतच्या कॅसेटला ०.७५ टक्के. तेलाची बाटली सोबत द्या: दर २००-३०० किलोमीटरना, आणि पावसात भिजली तर त्याच दिवशी पुसून. इतक्या दिवसांसाठी आमचा कल स्पष्टपणे नाही म्हणण्याकडे आहे. ज्याला महिनाभर सायकल लागते त्याला स्वतःच्या मापाची लागते. जुनी विकत घ्यायला किंवा भाड्याने शोधायला मदत करणं त्याच्याही फायद्याचं. घरात पडून असलेली दुसरी सायकल असेल तर तिचे ब्रेक-टायर नीट करून ती द्या.

लहान मुलांच्या बाबतीत तोलून बघण्यासारखं काही नाही. ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचत नसतील आणि पाय टेकत नसतील तर मोठ्यांची सायकल अंगणातल्या चकरेसाठीही नको.

परत आल्यावर

"परहस्तं गतं गतम्" हे पुस्तकांबाबत म्हणतात. सायकल सहसा परत येते, फक्त थोडी बदलून येते, आणि बरेचदा चांगल्या हेतूने. कुणी आभार म्हणून टायर खणखणीत भरून देतो. हुकलेस रिमवर (जिच्या कडेला टायर धरणारी आकडी नसते) ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, ही कमाल मर्यादा असते आणि त्यापुढे टायर रिमवरून उडू शकतो. कुणी धुऊन देतो आणि चेनवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडतो, मग पॅड किंचाळतात आणि धरत नाहीत. तेल मुरलेले पॅड बहुतेकदा बदलावेच लागतात. म्हणून देताना एक वाक्य जोडा: धुऊ नका, तेल घालू नका, हवा भरू नका, आहे तशी आणा.

आली की सीट टेपवर आणा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, हँडलच्या मुळाशी ठकठक जाणवते का बघा. मग मागे उकिडवे बसा आणि डिरेलरची दोन छोटी चाकं वरच्या चकतीच्या रेषेत सरळ उभी आहेत का ते पाहा. खालचं चाक आत झुकलेलं असेल तर हँगर सरळ होईपर्यंत सर्वांत मोठ्या चकतीवर चेन टाकू नका, कुणी पाडली याची चौकशी नंतर करा.